समुद्राला पाढे येत नाहीत

"समुंदर स्कूल नहीं गया, मॅम," असं म्हणत सर्फिंग शिकवणाऱ्या त्या पोरानं माझा बोर्ड शेपटाकडून धरला आणि पुन्हा खोल पाण्याकडे वळवला. बावीस-तेवीसचा असेल. उन्हानं केसांची टोकं तांबूस झालेली, अंगात विटलेला रॅश गार्ड, घरच्यांशी तुळू आणि आमच्याशी हिंदी. झालं होतं इतकंच, की आमच्या चौघांच्या तुकडीतला बंगळुरूचा एक आयटीवाला पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत होता, की दर सातवी लाट मोठी असते. सहा सोडायच्या आणि सातवी धरायची. मी त्यावर हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं. पण ओठांतल्या ओठांत मी मोजत होते, आणि तेवढं त्या पोराला दिसलं. त्या दिवशीची सातवी आली ती अगदीच केविलवाणी, पोटऱ्यांना गुदगुल्या करून निघून गेली. आठवीही तशीच. मी जरा सैलावले, आणि नववीनं मला बोर्डासकट उलटं करून वाळूवर घासत नेलं. नाकात, कानात, दाढांमागे वाळू. पन्नाशी ओलांडलेली बाई चार पायांवर फेसातून बाहेर येते तेव्हा ती कशी दिसत असेल, याचा मी विचार केला नाही. माझ्या डोक्यात त्याचं ते वाक्य अडकलं होतं. शाळेत न गेलेला समुद्र.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. मराठीत, बेचाळीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका किनाऱ्यावर.

ही गोष्ट मुलकीची. उडुपीच्या खाली, मंगळुरूच्या अलीकडे, जिथे शांभवी नदी समुद्राला मिळते तो भाग. मत्स्यगंधा एक्स्प्रेसनं आदल्या दिवशी उतरले होते. मुलीनं वाढदिवसाला चार दिवसांचा सर्फिंगचा वर्ग भेट दिला होता आणि वर "तू जाशीलच असं नाही" असंही म्हणाली होती, म्हणून गेले. पहाटे सहाला पाण्यात उतरायचं, कारण तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असतो आणि लाटेचं अंग त्यानं ताठ, गुळगुळीत राहतं. दहा-अकराला वारा फिरला की सगळं पाणी चुरगळलेल्या कागदासारखं होतं. भूगोलाच्या परीक्षेत मतलई वारे आणि खारे वारे यांतला फरक मी दरवर्षी उलटा लिहायचे. आता तो मला त्वचेला कळतो. हे ज्ञान चाळीस वर्षं उशिरा आलं आणि त्याला मार्क नाहीत.

तर गुहागर, १९८३चा मे. आजीचं घर म्हणजे पोफळी-नारळींची लांबट वाडी, तिच्या टोकाला सुरूचं बन, आणि बन संपलं की पुळण. पुळणीच्या वरच्या अंगाला मर्यादवेल पसरलेली असायची, तिची जांभळी फुलं दुपारपर्यंत मिटून जायची. आजी म्हणायची, समुद्रानं इथवरच यायचं असं ठरलंय, म्हणून ती मर्यादवेल. (पुढे कधीतरी वाचलं, की हवाईत हीच वेल उपटून तिच्या दोरांनी पाण्यावर फटके मारत, मंत्र म्हणत लाटांना बोलवायचे. जे लोक लाटांवर उभे राहायचे त्यांनी तिला निमंत्रणाची वेल केलं आणि आम्ही लक्ष्मणरेषा. त्या दिवशी मी आजीची फार आठवण काढली.) आजीचे समुद्राचे नियम दोनच होते. त्याच्याकडे पाठ करायची नाही. आणि पाण्यात पाय घालण्याआधी सात मोजायच्या. सातवी अंगावर घ्यायची नाही, ती येते तेव्हा कोरड्या वाळूत उभं राहायचं. का? तर साती आसरा. विहिरीत असतात, डोहात असतात, तर समुद्रात का नसतील? सहाजणी खेळायला येतात आणि सातवी न्यायला येते, असं तिचं सरळ गणित होतं. हे गावात दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. तिचं तिनंच जुळवलं असावं.

बाबा शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायचे. आजीशी, म्हणजे त्यांच्या आईशी, ते आदरानं वागायचे, पण तिच्या बोलण्यातलं काही तपासता येण्याजोगं असलं की त्यांना राहवायचं नाही. त्या मेमध्ये एका दुपारी ते वही घेऊन सुरूच्या सावलीत बसले आणि दीड-दोन तास लाटा मोजल्या. लहान लाटेला उभी रेघ, मोठीला फुली. रात्री जेवताना निकाल वाचून दाखवला. फुल्या चौथ्या, पाचव्या, अकराव्या, बाराव्या, तेराव्या, मग एकदम बाविसाव्या अशा कशाही पडल्या होत्या. "आई, समुद्राला पाढे येत नाहीत," ते म्हणाले. आजी सोलकढी वाढत होती. ती वाटी खाली ठेवून म्हणाली, "तू पहिली कुठली धरलीस?"

बाबा गप्प झाले. वर्गात अवघड प्रश्न आला की ते असेच छताकडे बघत असावेत, असं मला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं पुन्हा पुळणीवर. मे संपत आला की समुद्र चढायला लागतो. आभाळ कोरडं, वाऱ्याचं नाव नाही, आणि तरी लाटा जाड झालेल्या असतात, त्यांचा आवाज घरापर्यंत येतो. बाबा घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून आजीला समजावत होते, हातवारे करत, तोंड आमच्याकडे आणि पाठ समुद्राकडे. आजी दोनदा म्हणाली, "अरे, पाठ नको करूस त्याच्याकडे." तिसऱ्यांदा म्हणायला तिला वेळ मिळाला नाही. लाट बाबांच्या पाठीवर मानेपर्यंत चढली, ते गुडघ्यावर आले, आणि उठले तेव्हा चेहऱ्यावर चष्मा नव्हता. काळ्या जाड फ्रेमचा, सहा नंबरचा. आम्ही अंधार पडेपर्यंत वाळू चाळली. शिंपल्या मिळाल्या, एक प्लास्टिकचं झाकण मिळालं. परत निघताना आजीनं बाबांचा हात धरला, लहान मुलाचा धरावा तसा, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कितवी होती गं?"

मी म्हटलं, "सातवी."

मुलकीच्या खोलीवर त्या दुपारी झोप येईना. पंखा टकटक करत होता, खांदे भरून आले होते. सर्फिंग शिकवणारे सगळेच मोबाइलवर अंदाज बघतात. त्यात लाटेची उंची असते, वाऱ्याची दिशा असते आणि सेकंदांचा एक आकडा असतो, म्हणजे एका लाटेचा माथा गेल्यावर पुढचा यायला लागणारा वेळ. उंचीपेक्षा ते पोरगं या सेकंदांकडे जास्त बघायचं. सात-आठ सेकंद असले की नाक मुरडायचं: "लोकल है." तेरा-चौदा असले की, "ये दूर से आया." जवळच्या वाऱ्यानं उठवलेल्या लाटा आखूड, गर्दीत ढकलाढकली करणाऱ्या. लांब पल्ल्याच्या लाटा मात्र खाली दक्षिणेला, चाळीस अंश अक्षांशाच्या पलीकडच्या वादळांत जन्मतात आणि सगळा हिंदी महासागर ओलांडून येतात. चौदा सेकंदांची लाट खोल समुद्रात ताशी ऐंशीच्या आसपास किलोमीटरनं पळते, पण त्या लाटांचा घोळका मात्र निम्म्याच वेगानं पुढे सरकतो, ताशी चाळीस. म्हणजे ज्या लाटेनं मला वाळूवर घासलं तिचं वादळ सहा-एक दिवसांपूर्वी होऊन विरूनही गेलं होतं. मी पुण्यात बॅग भरत होते तेव्हा ती वाटेत होती.

घोळका लाटेच्या निम्म्या वेगानं जातो, हे मला आधी पटेचना. त्याचा अर्थ असा, की घोळक्यातली प्रत्येक लाट मागच्या टोकाला उगवते, गर्दीतून वाट काढत पुढे येते, मोठी होते, आणि पुढच्या टोकाला पोचली की मावळते. तोवर मागे नवी उगवलेली असते. घोळका टिकतो, माणसं बदलतात. वारीला शेकडो वर्षांपूर्वीची दिंडी आजही निघते तेव्हा तिच्यात तेव्हाचं कोण असतं? कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेतले समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक या गोष्टीच्या मागे लागले होते. १९६३ साली त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात सहा ठिकाणी मोजणी मांडली आणि स्वतः बायकामुलांसह सामोआत जाऊन राहिले. अंटार्क्टिकाकडच्या वादळांच्या लाटा एकेक ठाणं ओलांडत अलास्कापर्यंत पोचल्या, दहा हजार किलोमीटरांहून जास्त, आणि वादळाच्या टापूतून एकदा बाहेर पडल्यावर वाटेत त्यांचा जोर फारसा खर्चही झाला नव्हता. आधी लांब सेकंदांच्या येतात, कारण त्या जास्त वेगानं पळतात. मग हळूहळू सेकंद कमी होत जातात, आणि ते किती भराभर कमी होतात त्यावरून वादळ किती दूर झालं हे सांगता येतं. मंक २०१९ साली, १०१ वर्षांचे होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आणि त्यांच्या गुरूंनी, स्वेर्ड्रुप यांनी, सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज बांधायची पद्धत बसवली. तेव्हा अडचण अशी, की लहान-मोठ्या लाटांच्या त्या कालव्यात 'आज लाट किती उंच' या प्रश्नाला एक आकडा द्यायचा कसा? त्यांनी सगळ्यांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी धरली, कारण नावाडी नुसत्या डोळ्यांनी जी उंची सांगायचे ती साधारण याच्याशी जुळायची. माणसाची नजर लहान लाटा मोजतच नाही. बाबांच्या उभ्या रेघा समुद्रावर कुणालाच दिसत नाहीत, सगळ्यांना फुल्याच दिसतात.

आता घोळका होतो कसा, तर तंबोऱ्यासारखा. मी लहानपणी चार वर्षं गाणं शिकले, गाणं आलं नाही, पण तंबोरा लावताना जोडीच्या तारा जरा वेगळ्या असल्या की 'वांव-वांव' अशी जी उसळी ऐकू येते ती कानात राहिली. दोन्ही तारांचे कंप एकत्र पडले की आवाज फुगतो, विरुद्ध पडले की बसतो. खुंटी पिळत सुरात आलं की तो हेलकावा लांबत लांबत नाहीसा होतो. समुद्रात तेच. एक लाटांची रांग बारा सेकंदांची आणि एक चौदाची, अशा दोन रांगा एकाच किनाऱ्यावर आल्या, तर कधी माथ्यावर माथा पडतो आणि कधी माथ्यावर खळगा. पोरं ज्याला 'सेट' म्हणतात तो माथ्यावर माथा पडण्याचा काळ. मी तिकिटाच्या पाठीमागे मांडून पाहिलं. बारा नि चौदा. लसावि चौऱ्याऐंशी. म्हणजे एकदा माथे जुळले, की चौऱ्याऐंशी सेकंदांनी बारावाल्यांची नेमकी सातवी आणि चौदावाल्यांची सहावी पुन्हा एकमेकींच्या डोक्यावर.

सातवी.

मी उठून बसले. शेजारच्या खाटेवरची मुलगी दचकली. बाबा असते तर त्यांना त्याच क्षणी फोन केला असता, आणि ते लगेच म्हणाले असते, आता तेरा आणि चौदा घेऊन बघ. घेतले. एकशे ब्याऐंशी सेकंद; मोठी लाट चौदावी. दहा आणि बारा घेतले तर साठ सेकंद, सहावी. शिवाय खऱ्या समुद्रात रांगा दोन नसतात, शेकडो असतात, थोड्या वेगळ्या दिशांनी, थोड्या वेगळ्या सेकंदांच्या, म्हणून हेलकावा असतो पण त्याला ठरलेलं माप नसतं. कधी दहा लाटांनी उसळी, कधी पंधरा लाटांत काहीच नाही, कधी तीन ओळीनं. तसं जगात प्रत्येकानं आपापला आकडा धरलेला दिसतो. रोमन दहावीला घाबरायचे. आयर्लंडच्या जुन्या कथांत नववी लाट ओलांडली की आपली भूमी संपते. रशियनही नववीचेच, आयवाझोव्स्कीनं १८५० साली त्या नववीचं भलंमोठं चित्र काढलं, बुडालेल्या गलबताच्या डोलकाठीला बिलगलेली माणसं आणि मागे केशरी उजेड. अमेरिकेच्या सुपीरियर सरोवरावरचे खलाशी ओळीनं येणाऱ्या तीन लाटांना तीन बहिणी म्हणतात. कुणाच्या बहिणी तीन, आमच्या आजीच्या सात. आकडे कुणाचेच जमत नाहीत, पण 'एकटी येत नाही, मधे शांतता असते आणि त्या शांततेवर विश्वास ठेवू नये' एवढं सगळ्यांचं जमतं. जुन्या मद्रासला बंदर नव्हतं तेव्हा मसुला होड्यांतून जहाजावरची माणसं किनाऱ्यावर आणायचे, तख्ते काथ्यानं शिवलेल्या होड्या. ते नावाडी फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबून राहायचे, मोठ्या जाऊ द्यायचे आणि मग एकदम वल्ही मारायचे. तीन-चार मिनिटं वाट बघायला माणसाला हातात काहीतरी लागतं. कुणी विडी ओढतो, कुणी मोजतो.

आणि आजीचा तो प्रश्न, पहिली कुठली धरलीस. मला आता वाटतं, तिला उत्तर माहीत होतं. माणूस मोजायला सुरुवात करतो तीच मुळी एक मोठी लाट येऊन गेल्यावर, दचकून. उसळीच्या माथ्यापासून मोजायला लागलं की पुढची उसळी पाच, सात, नऊ, अकरा अशी कुठेतरी येतेच, आणि जिची भीती सांगितलेली असते तीच लक्षात राहते. बाबांनी वहीत पहिली रेघ मारली ती सावलीत नीट बसल्यावर, पेन्सिलीला टोक काढून झाल्यावर. समुद्राचं त्या क्षणी काय चाललं होतं याच्याशी तिचा काही संबंध नव्हता.

केरळातले कोळी वारा नसताना, आभाळ निवळ असताना अचानक चढून येणाऱ्या समुद्राला 'कळ्ळक्कडल' म्हणतात. कळ्ळन म्हणजे चोर. दक्षिणेच्या वादळातून निघालेला फुगवटा भरतीच्या वेळी नेमका पोचला की घरात पाणी शिरतं. शास्त्रज्ञांनी हा शब्द तसाच उचलला. २०१२ साली युनेस्कोनं त्याला मान्यता दिली आणि हैदराबादची समुद्र माहिती सेवा संस्था आज या चोराची आगाऊ सूचना देते. हे वाचल्यावर मला गुहागरच्या त्या संध्याकाळची कोरडी हवा आठवली. वारा नव्हता. सुरूचं पानही हलत नव्हतं. ती लाट लांबूनच आलेली असणार.

पण ती सातवी नव्हती. मी मोजत होते. बाबा आजीला समजावत होते तेव्हा मी दोघांच्या मधे उभी राहून, आधीच्या मोठीपासून, मनात मोजत होते, आणि ती पाचवी होती. मी दहा वर्षांची होते, मला पाचपर्यंत मोजता येत होतं. का खोटं बोलले ते मला आजही धड सांगता येत नाही. आजीचा हात बाबांच्या हातात होता, बाबा चष्म्याशिवाय वेगळेच दिसत होते, नाकावर दोन लाल खळगे आणि डोळे कसे उघडे पडल्यासारखे. तिला जिंकू द्यावंसं वाटलं असेल. किंवा पाचवी म्हटलं असतं तर कुणीच जिंकलं नसतं, ते नको वाटलं असेल. आजी "हं" म्हणाली. बाबांनी माझ्या दिशेनं पाहिलं, पण त्यांना मी कितपत दिसत होते कुणास ठाऊक. दोन दिवसांनी चिपळूणला जायला आम्ही एसटीच्या थांब्यावर उभे होतो. धूळ उडवत गाडी आली. "पाटी वाच गं," बाबा म्हणाले. मी वाचली. "नीट वाचलीस ना?" त्यांनी विचारलं. पुढे चौतीस वर्षं ते होते, आणि हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे मतलई वारा होता, गार, भाताच्या पेंढ्याचा वास घेऊन आलेला. माझाही चष्मा आता साडेपाचचा आहे. तो रोज कापडी पिशवीत गुंडाळून एका उपड्या होडीखाली ठेवून मी पाण्यात जायचे, आणि पाण्यातून समुद्र म्हणजे राखाडीवर राखाडी. लाट कुठे सुरू होते ते मला दिसत नाही, अंगाखालचा बोर्ड उचलला गेला की कळतं. पोरगं छातीएवढ्या पाण्यात बोर्डाला धरून उभं होतं. मी बोर्डावर दोन्हीकडे पाय सोडून बसले होते, तोंड समुद्राकडे. सर्फिंगमधला बहुतेक वेळ असा नुसता बसण्यात जातो, हे जाहिरातीत सांगत नाहीत. आजीला हे आवडलं असतं, इतकी माणसं समुद्राकडे तोंड करून गप्प बसलेली. बंगळुरूचा तो मुलगा थोड्या अंतरावर मोठ्यानं आकडे म्हणत होता. मी मोजत नव्हते. म्हणजे, चारपर्यंत मोजले होते.

"सेट आ रहा है," पोरगं म्हणालं. मला काहीच दिसलं नाही. "पहला छोड़ो." बोर्ड वर गेला, खाली आला, आणि मागे किनाऱ्यावर ती फुटल्याचा आवाज झाला. "ये भी छोड़ो." दुसरीनं जास्त उंच नेलं, पोटात खड्डा पडला. मग त्यानं बोर्डाचं नाक धरून गर्रकन किनाऱ्याकडे फिरवलं. सुरूची एक काळी रेघ दिसली, तिच्याखाली पिवळट पट्टा, त्यात कुठेतरी माझा चष्मा. "लेट जाओ मॅम, पीछे मत देखो."

मी पालथी झाले, हात पाण्यात घातले, आणि ती मागून येताना ऐकत राहिले.